मुक्या जनावरांचे लेखनिक

पोटासाठी मी काय करतो हे सांगायला मला नेहमी दोन वाक्ये जास्त लागतात. जनावरांच्या औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. मात्रा किती, सुई कुठे टोचायची, औषध दिल्यावर किती दिवस दूध विकायचे नाही, असे सगळे त्यावर मुंगीच्या अक्षरांत छापलेले असते. तो कागद कोणीतरी लिहितो. गेली सव्वीस वर्षे त्या ‘कोणीतरी’पैकी मी एक आहे. कागदांखेरीज डॉक्टरांच्या परिषदांतले निबंध, औषधांच्या चाचण्यांचे अहवाल, दूध संस्थांसाठी पुस्तिका हेही मी लिहितो. मी पशुवैद्य नाही. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालो, एवढेच. “म्हणजे तुम्ही ढोरांचे डॉक्टर?” असे कोणी विचारले की मी म्हणतो, “नाही हो, ढोरांच्या डॉक्टरांचा कारकून.”

या धंद्याचा इतिहास शोधावा असे मला वाटले ते एका पोस्टकार्डामुळे. 2003 साली, दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात, जत तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचे कार्ड आमच्या कचेरीत आले. जनावरांना होणाऱ्या विषबाधांवर मी लिहिलेली एक पुस्तिका तेव्हा संस्थांना फुकट वाटली होती. कार्डावर मजकूर असा होता की, साहेब, तुमचे पुस्तक संस्थेत आहे, त्यात किराळ कुठल्या पानावर आहे ते कळवावे. खाली, पत्ता लिहायच्या बाजूला सरकून, आणखी एक ओळ होती : गाय गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाने ताण दिला आणि मग थोडा शिडकावा झाला की ज्वारीच्या खोडक्यांना कोवळे फुटवे येतात. त्यांत विष तयार होते. भुकेले जनावर त्यावर तुटून पडले की काही मिनिटांत धापा टाकते, थरथरते, कोसळते. याला आपल्याकडे किराळ लागणे म्हणतात. कुठे किरळ म्हणतात. माझ्या पुस्तिकेत तो मजकूर होता, एकतिसाव्या पानावर. मथळा होता, ‘हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा’. सचिवांनी अनुक्रमणिकेत ‘कि’ शोधला, सापडला नाही. गाईचे पोट फुगले असेल असे समजून घरच्यांनी तेल पाजले. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. किराळ इतकी वेगाने मारते की पान सापडले असते तरी गाय वाचली असती असे नाही, हे मला त्या डॉक्टरांनीच नंतर सांगितले. पण माझ्या पहिल्या खर्ड्यात तो शब्द होता. पुस्तिका शास्त्रीय दिसावी म्हणून मीच तो खोडला होता. कोणी सांगितले नव्हते.

माझ्याआधी हे काम करणाऱ्यांनी अशा वेळी काय केले, हे पाहावे असे तेव्हापासून मनात होते. जमेल तसे वाचत गेलो.

पहिली गाठ पडली ती व्हेजेशियस या रोमन गृहस्थाशी. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीला किंवा त्याच्या थोडे नंतर याने घोडे आणि खेचरे यांच्या वैद्यकावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. युद्धशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ जास्त प्रसिद्ध आहे. हा पशुवैद्य नव्हता. घोडे बाळगणारा, वाचणारा, लिहिणारा माणूस. म्हणजे माझ्याच जातकुळीचा. आधीच्या ग्रंथकारांना माहिती होती, पण त्यांची भाषा दरिद्री होती, असे तो प्रस्तावनेत म्हणतो. त्याच्यापुढे जे जुने ग्रंथ होते त्यांतला एक कायरॉनच्या नावावर चालणारा होता आणि तो तबेल्यात बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमध्ये होता. व्हेजेशियसने त्यातला मजकूर घेतला आणि शिष्ट लॅटिनमध्ये घोटून लिहिला. पुढे शतकानुशतके लोक व्हेजेशियस वाचत राहिले आणि मूळ ग्रंथ अडगळीत गेला. 1885 साली म्युनिकमध्ये त्याची पोथी हाती लागली, 1901 मध्ये ती छापली गेली, आणि भाषेचे अभ्यासक तिच्यावर तुटून पडले. का? तर साधे लोक, घोड्यांचे वैद्य, खरोखर कसे बोलत याचा एवढा मोठा पुरावा दुसरीकडे सापडत नाही म्हणून. व्हेजेशियसने ज्याला कचरा म्हणून झाडले, तेच आता मोलाचे ठरले. हे वाचले तेव्हा मला एकतिसावे पान आठवले.

आपल्याकडची परंपरा याहून निराळी. शालिहोत्राचे नाव अश्ववैद्यकाला इतके चिकटले की त्यावरून घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणू लागले आणि इंग्रजी फौजेच्या कागदांतही तो शब्द गेला. शहाजहानच्या काळात फारसीत गेलेले एक शालिहोत्र जोसेफ अर्ल्स याने इंग्रजीत आणले आणि ते 1788 मध्ये कलकत्त्याला छापले. हत्तींबाबत पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. अंग देशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारतो आणि हत्तींच्या कळपात राहिलेला पालकाप्य उत्तरे देतो, अशी त्याची रचना. पुण्याच्या आनंदाश्रमाने 1894 मध्ये तो प्रसिद्ध केला. या ग्रंथांत लेखक दिसत नाही, ऋषी दिसतो. आणि हत्तीच्या पायाशी रोज बसणारा माहूत तर मुळीच दिसत नाही. राजा विचारतो, मुनी सांगतो. माहुताला कोणी विचारल्याचे नाही.

केवळ लेखणीवर नाव मिळवणारा, आणि आयुष्याची शेवटची वर्षे तिच्यावरच काढणारा, असा पहिला माणूस मला सापडला तो लंडनचा विल्यम यूएट. आधी शिक्षकी करणारा हा गृहस्थ पशुवैद्यकात आला आणि ‘व्हेटरिनेरियन’ या 1828 मध्ये सुरू झालेल्या मासिकाचे संपादन करू लागला. ‘घोडा’ (1831), ‘गुरे’ (1834), ‘मेंढी’ (1837), मग कुत्रा, मग डुक्कर, अशी एकामागून एक पुस्तके त्याने लिहिली. डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथात यूएटचा हवाला दिला आहे. यूएट 1847 मध्ये गेला, स्वतःच्या हाताने. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. पण जनावरामागून जनावर संपवत जाणारी ती यादी पाहिली की हा धंदा माणसाला कसा दमवतो ते मला कळते.

यूएटसारखाच दुसरा एक यादी करणारा आपल्या मुंबईत होऊन गेला. जॉन हेन्री स्टील. जन्म 1855. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात शिकला, तिथे शरीररचना शिकवली, घोड्याच्या शरीररचनेवर विशी ओलांडताच पुस्तक लिहिले. 1881 मध्ये बैलाच्या रोगांवरचा जाडजूड ग्रंथ आला. नंतर तो लष्करी पशुवैद्य म्हणून हिंदुस्थानात आला आणि फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्याबरोबर 1882 मध्ये एक त्रैमासिक सुरू केले. हिंदुस्थानातले पशुवैद्यक आणि फौजेतल्या जनावरांची व्यवस्था हा त्याचा विषय. 1885 मध्ये हत्तीच्या रोगांवरचे पुस्तक मद्रासला छापले, म्हणजे आनंदाश्रमाच्या पालकाप्यापेक्षा नऊ वर्षे आधी. 1888 मध्ये कुत्रा. 1890 मध्ये उंट आणि मेंढी दोन्ही.

मधल्या काळात त्याने आणखी एक काम केले. परळला सर दिनशा माणकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावे दिलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ होते. मुंबईकर त्याला आजही बैलघोडा इस्पितळ म्हणतात. त्याच्या आवारात 1886 मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचा पहिला प्राचार्य झाला. लाहोरची शाळा चार वर्षे आधीची. तिथे उर्दूतून शिकवत. परळला इंग्रजीतून. शेतकऱ्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या वैद्याने कोणत्या भाषेत शिकावे हा प्रश्न म्हणजे तेव्हापासूनचा आहे. स्टील 1891 मध्ये वारला, पस्तिशी-छत्तिशीत. इंग्लंडच्या पशुवैद्यक संस्थेने त्याच्या नावे पदक ठेवले. परळच्या त्या आवारात मी अनेकदा गेलो आहे. बैलगाड्या केव्हाच गेल्या, घोडे अधूनमधून दिसतात, कुत्र्यांची रांग असते.

स्टीलबद्दल मला आदर आहे. पण ज्या अहवालामुळे त्याचे नाव शास्त्राच्या इतिहासात आले, त्यात त्याची चूक आहे. ती चूक समजण्यासाठी पाच वर्षे मागे, सिंधू नदीच्या काठी डेरा इस्माईल खान येथे जावे लागते. हे ठाणे आज पाकिस्तानात आहे.

सर्रा हा घोडे, उंट, खेचरे यांचा रोग. म्हशींना आणि बैलांनाही होतो. ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखालची बाजू सुजते, रक्त पातळ पडते, आणि जनावर खाते-पिते तरी झिजत जाते. या रोगावरच्या औषधाचा कागद मी चार वेळा लिहिला असेल. दर वेळी ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ हे जंतूचे नाव नीट तपासून लिहिले. हा इव्हान्स कोण, हे मात्र वीस वर्षांत एकदाही डोक्यात आले नाही.

ग्रिफिथ इव्हान्स हा वेल्समधला, 1835 चा. लष्करी पशुवैद्य, कॅनडात नेमणुकीवर असताना त्याने माणसांच्या वैद्यकाचीही पदवी घेतली. अमेरिकेतली यादवी पाहायला गेला असता अब्राहम लिंकनला भेटून आला, असा उत्साही प्राणी. 1880 मध्ये पंजाब सरकारने त्याला डेरा इस्माईल खानच्या बाजूला फौजेचे घोडे आणि उंट मारणाऱ्या सर्ऱ्याचा तपास करायला पाठवले. आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव दिसले. तेच रक्त निरोगी जनावरांना टोचून रोग लागतो हेही त्याने पाहिले. यावरून त्याने लिहिले की रोगाचे कारण हेच जीव असावेत.

वरिष्ठांना ते पटले नाही. कारण असे की कलकत्त्याला टिमथी लुईस या नामांकित डॉक्टरांना 1878 मध्ये उंदरांच्या रक्तात असेच जीव सापडले होते आणि ते उंदीर धडधाकट होते. मग घोड्यांतले तेवढे मारक कसे? रोगाने खंगलेल्या रक्तात ते नंतर वाढले असतील. तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. त्या वेळच्या माहितीला धरूनच होता. इव्हान्सचा अहवाल सरकारी दप्तरात गेला. पुढे इंग्लंडच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात त्याचा लेख आला.

त्या लिखाणातली एक गोष्ट माझ्या दृष्टीने सूक्ष्मदर्शकाइतकीच मोठी आहे. तिथले लोक या रोगाचा संबंध चावणाऱ्या मोठ्या तपकिरी माशीशी जोडतात, हे इव्हान्सने लिहून ठेवले. आपण जिला गोमाशी म्हणतो तिची ही बहीण. 1880 मध्ये माशी रोग पसरवते असे म्हणणे अडाणीपणाचे लक्षण होते. डासाने हिवताप होतो हे सिद्ध व्हायला अजून सतरा वर्षे होती. उंटवाल्याचे आणि मोतद्दाराचे म्हणणे गाळून टाकले असते तर अहवाल जास्त शास्त्रीय दिसला असता. अहवाल लिहिणाऱ्याला हा मोह किती असतो ते मी अनुभवाने सांगू शकतो. आजही आमच्या प्रत्येक रोगवृत्तान्ताची सुरुवात ‘मालकाच्या म्हणण्यानुसार’ अशा ओळीने होते आणि जागा कमी पडली की पहिली कात्री तिलाच लागते.

आता स्टील. 1885 मध्ये ब्रह्मदेशात सामानाची ने-आण करणारी फौजेची खेचरे मरू लागली आणि तपासाला त्याला धाडले. त्याला रक्तात तेच जीव दिसले. त्याने मन मोठे करून इव्हान्सच्या शोधाला श्रेय दिले आणि जीवाला इव्हान्सचे नाव दिले. पण तो जीव स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्रासारखा जंतू आहे असे त्याने ठरवले. माणसांना होणाऱ्या उलटून येणाऱ्या तापाचा जंतू तसा असतो. म्हणून हाही खेचरांचा उलटून येणारा तापच, अशी त्याने मांडणी केली. पुढच्याच वर्षी क्रूकशँक याने दाखवून दिले की हा मळसूत्री जंतू नव्हे. याला शेपटीसारखा चाबूक आणि अंगाला पातळ झालर आहे. नंतर तो ट्रिपॅनोसोमा गटात गेला. स्टीलचे निदान गेले, त्याने दिलेले ‘इव्हान्साय’ राहिले. जवळच्या ओळखीच्या साच्यात नवी गोष्ट बसवणे ही सराईत ग्रंथकाराची सवय. बैल, हत्ती, कुत्रा असे प्रकरणामागून प्रकरण लिहिणाऱ्याच्या हाती साचे तयार असतात. इव्हान्सकडे ते नव्हते, म्हणून त्याने दिसले ते आणि ऐकले ते लिहिले. हा माझा अंदाज. त्यात स्टीलवर थोडा अन्याय होत असेल.

पुढची हकीगत थोडक्यात. 1889 मध्ये पुण्याला सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्ऱ्यावर काम केले आणि 1893 मध्ये घोड्यांच्या सर्ऱ्यावरचा त्यांचा अहवाल मुंबईत छापला गेला. त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलली. तिथे काही काळ असलेल्या लेनर्ड रॉजर्स यांनी गोमाश्यांना आजारी जनावर चावू दिले, मध्येच उठवले आणि लगेच निरोगी जनावरावर बसवले. रोग लागला. हा निबंध 1901 चा. डेरा इस्माईल खानच्या उंटवाल्यांचे म्हणणे इव्हान्सने लिहून ठेवल्याला तोवर एकवीस वर्षे झाली होती. इव्हान्सला मान मिळाला तो फार उशिरा. 1917 मध्ये लिव्हरपूलच्या संस्थेने त्याला पदक दिले. तो मात्र पुरी शंभर वर्षे जगला आणि 1935 मध्ये वारला.

या शोधात मला एक गंमतही सापडली. ‘सर्रा’ हा शब्द इंग्रजीने मराठीतून घेतला असे इंग्रजीच्या काही नावाजलेल्या कोशांत दिले आहे. नाकातून निघणारा आवाज, घरघर, अशा अर्थाच्या ‘सूर’ या शब्दाशी ते त्याचा धागा जोडतात. मराठी माणूस म्हणून हे वाचून छाती फुगली, हे कबूल करतो. पण पटत नाही. शब्द पहिल्यांदा गाजला तो पंजाबच्या सरहद्दीवर. तिथल्या उंटवाल्याला मराठी कुठून येणार? शिवाय घरघर हे या रोगाचे मुख्य लक्षणच नाही. दुसरी व्युत्पत्ती ‘सडलेला’ या अर्थाच्या उत्तरेकडच्या शब्दापासून देतात. आपल्या ‘सडणे’चा तो भाऊ. चारा समोर असून, तो खाऊनही, आतून झिजत जाणाऱ्या जनावराला पाहून कोणी तसे म्हटले असेल हे मला अधिक खरे वाटते. मराठीचा मान एकाने कमी होईल, होऊ दे. शब्द ज्याने घडवला त्याच्या नावावर असावा.

स्टीलचा तो सहकारी, फ्रेडरिक स्मिथ, पुढे सर झाला, मेजर जनरल झाला, आणि निवृत्तीत त्याने काय करावे? पशुवैद्यकावर लिहिणाऱ्यांचाच इतिहास लिहायला घेतला. पहिला खंड 1919 मध्ये आला. तो 1929 मध्ये वारला तेव्हा दोन खंड छापून झाले होते. उरलेले दोन मागाहून निघाले. जनावरांचे वैद्य सोडून जनावरांच्या लेखनिकांकडे पाहणारा हा माझा पूर्वज. चारही खंड पाहायला मिळायला मला सहा वर्षे लागली. त्यात प्राचीन ग्रीक-रोमन आहेत, नालबंद आहेत, यूएट आहे. सलोत्री आणि उंटवाले नाहीत. नाव इंग्लंडच्या वाङ्मयाचे होते, तेव्हा तक्रार करता येत नाही.

आपल्या रोगांची गावची नावे पाहिली तर काही छापात टिकली आहेत. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही सरकारी पत्रकांतही तशीच येतात. बुळकांडी तर रोगाच्या मागे उरली : 2011 मध्ये तो रोग पृथ्वीवरून हटल्याचे जाहीर झाले, नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ही नावे कोणीतरी, कधीतरी, खोडली नाहीत म्हणून आहेत. किराळ मी खोडली होती.

त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. अलीकडे दुसऱ्या एका संस्थेसाठी तसेच पुस्तक लिहायला घेतले, तेव्हा जतच्या त्या सचिवांचा पत्ता शोधला. ते निवृत्त झाले होते. मी लिहिले की, दादा, तुमच्या भागात जनावरांच्या आजारांना जी नावे आहेत ती, आठवतील तशी, शुद्ध-अशुद्ध न पाहता मला लिहून पाठवा. या वेळी अनुक्रमणिकेत आधी ती येतील. पंधरा दिवसांनी वहीची दोन पाने आली, दोन्ही बाजूंनी भरलेली. एकेचाळीस नावे आहेत. प्रत्येकापुढे लक्षण लिहिले आहे, कुठे ‘आईकडून ऐकलेले’ असा शेरा आहे. पहिले नाव किराळ, आणि तिच्यापुढे मात्र काहीच लिहिलेले नाही. चौतीस नावे मी आतापर्यंत रोगांशी जुळवली. तीन पशुवैद्यांनी ओळखली. उरलेल्या चारांतली दोन मेंढरांची आहेत. ती घेऊन दिवाळीनंतर, धनगर घाटाखाली उतरले की, त्यांच्याकडे जायचे ठरवले आहे.